सतरा पदार्थांची वही

पत्र:

"सासूबाईंना जाऊन दहा महिने झाले. त्यांची स्वयंपाकाची वही माझ्याकडे आली आणि तिच्यासोबत नाताळच्या जेवणाचं पानही. त्या पानावर १७ पदार्थ आहेत. दरवर्षी २५ डिसेंबरला दुपारी एक वाजता आम्ही १४ जण जेवायला बसतो आणि सतराच्या सतरा पदार्थ टेबलावर असतात. सासूबाई होत्या तोवर मी हाताखाली असायचे. यंदा सगळं माझ्यावर आहे. मी नोकरी करते, २४ तारखेला दुपारपर्यंत कामावर असते.

नणंदबाईंनी बजावलंय, 'आईच्या यादीतलं काही गाळायचं नाही.' धाकटी जाऊ पोलंडची आहे. तिच्या माहेरी मोठं जेवण २४ च्या संध्याकाळी असतं, तेही बिनमांसाचं. सहा वर्षं ती काही न बोलता आमच्यात जेवली. आता तिला दोन लहान मुलं आहेत. ही संध्याकाळ इथे करता येईल का, असं तिने यंदा पहिल्यांदाच विचारलं. नणंदबाई म्हणाल्या, 'याच वर्षी सुचलं का?' माझ्या १९ वर्षांच्या मुलीने मांस सोडलंय. सासऱ्यांना मधुमेह आहे. नवरा म्हणतो, एवढी कटकट असेल तर हॉटेलात जाऊ. परंपरा मोडणारी सून हे नाव मला नको आहे, पण हे सगळं एकटीला झेपणारही नाही. पानाचा फोटो सोबत पाठवतेय. काय करू?"

थोरली सून

उत्तर:

तुमचं पत्र मी एकदा वाचलं आणि फोटो चार वेळा पाहिला. उत्तर बरंचसं त्या फोटोतच आहे. रोज ती वही हाताळणाऱ्या माणसाला ते दिसणं अवघड, म्हणून मला काय दिसलं ते सांगते.

पहिले नऊ पदार्थ निळ्या शाईत, एका बैठकीत लिहिलेले आहेत. अक्षर सरळ, ओळी सारख्या. टर्की, सारण, ग्रेव्ही, भाजलेले बटाटे, कुस्करलेले बटाटे, गाजरं, ब्रसेल्स स्प्राउट्स, क्रॅनबेरीचा सॉस, पुडिंग. दहावा हॅम काळ्या शाईत आहे. अकरापासून पंधरापर्यंत बॉलपेन, अक्षर तिरकं, घाईत लिहिल्यासारखं. शेवटचे दोन पेन्सिलीने, आणि तिथे हात थोडा कापरा झालेला दिसतो. म्हणजे हे पान एका दिवसाचं नाही, पंचवीस-तीस वर्षांचं तरी असावं.

आता समासात बघा. पाचव्या ओळीत कुस्करलेल्या बटाट्यांपुढे बारीक अक्षरात "आजी, दात" असं आहे. अकराव्यापुढे, चीज घातलेल्या पास्त्यापुढे, "जावई". तेराव्यापुढे, कस्टर्डपुढे, "मुलं". सतराव्यापुढे, बिनसाखरेच्या भाजलेल्या सफरचंदापुढे, "ह्यांना".

या आजी कोण? तुमच्या सासूबाईंच्या सासूबाई असतील, तर त्यांना जाऊन बराच काळ लोटला असणार. तरीही दरवर्षी तुमच्या घरात बटाटे दोन प्रकारचे होतात. एक सगळ्यांसाठी आणि एक अशा बाईसाठी, जी आता पंगतीत नाही. मी हसण्यावारी नेत नाहीये. कुणी कुणासाठी इतकी वर्षं बटाटे कुस्करत राहतं याचं मला अप्रूपच वाटलं. पण नणंदबाई ज्याला "आईची यादी" म्हणतात ती आईने कधी पुरी केलीच नव्हती. घरात माणूस आलं की तिने एक ओळ वाढवली. जावई आले, ओळ वाढली. नातवंडं आली, ओळ वाढली. नवऱ्याची साखर वाढली, तर हात कापत असतानाही पेन्सिल घेऊन आणखी एक ओळ. गाळायचं काम तेवढं त्या बाईंनी कधी केलं नाही. कदाचित जीव झाला नसेल, कदाचित वेळ मिळाला नसेल. ते काम तुमच्यावर आलंय.

थोडं विषयांतर करते, कारण "परंपरा" हा शब्द तुमच्या पत्रात फार जड होऊन बसलाय. नाताळच्या टेबलावरच्या बऱ्याच गोष्टी वाटतात तेवढ्या जुन्या नाहीत. टर्की हा मुळात मेक्सिकोकडचा पक्षी, युरोपात पोहोचला सोळाव्या शतकात. आणि पोहोचला म्हणून लगेच घरोघरी शिजला असंही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये कामगार घरांचा नाताळ म्हणजे गूज, पाळीव हंस. त्यासाठी लोक दर आठवड्याला दोन-चार पेन्स "गूज क्लब"मध्ये भरायचे, आपल्या भिशीसारखे. बऱ्याच घरांत ओव्हनच नव्हता, म्हणून तो पक्षी नाताळच्या सकाळी जवळच्या बेकरीवाल्याकडे भाजायला न्यायचे आणि दुपारी झाकून घरी आणायचे. टर्की साध्या घरांत रुळली ती विसाव्या शतकात.

फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात २४ च्या रात्री १३ गोड पदार्थ मांडतात, येशू आणि बारा शिष्य मिळून तेरा. ऐकताना वाटतं, हे मध्ययुगापासून चालत आलं असणार. प्रत्यक्षात तेराचा आकडा पक्का झाला तो १९२०च्या दशकात. त्याआधीही सुकामेवा, फळं, नूगा हे सगळं असायचं, फक्त कुणी मोजत नव्हतं. जपानमध्ये ख्रिस्ती लोक शेकडा एकाच्या आसपास. तिथे १९७४ साली केएफसीने नाताळची जाहिरात केली आणि आज लोक तळलेल्या कोंबडीची आठवडे आधी नोंदणी करतात. त्यांच्या मुलांना विचारलंत तर तीही सांगतील, आमच्याकडे पहिल्यापासून असंच असतं.

तर, तुमच्या जावेची गोष्ट आधी घेऊ. माझ्या मते या पत्रातली सगळ्यात नाजूक गोष्ट तीच आहे, टर्की नाही.

तिला हो म्हणा. आजच, फोन करून. २४ ची संध्याकाळ अख्खी तिची.

नणंदबाईंना "याच वर्षी सुचलं का" असं वाटलं, ते मी समजू शकते. आई गेल्यानंतरचा पहिला नाताळ आहे. पण मला वाटतं, गोष्ट उलटी असावी. सासूबाई होत्या तोवर त्यांच्या घरात आपली चूल मांडायची नाही, असं ठरवून ती सहा वर्षं गप्प बसली असेल. आता मुलं बोलायला-विचारायला लागली आहेत. आपल्या घरी नाताळ कसा असतो हे त्यांना कधी दाखवायचं, हा प्रश्न तिला पडणारच.

पोलंडमध्ये या संध्याकाळला विगिलिया म्हणतात. आकाशात पहिला तारा दिसेपर्यंत कुणी जेवायला बसत नाही, त्यामुळे दुपारपासून पोरं खिडकीला नाक लावून असतात. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडं वाळलेलं गवत पसरतात, गव्हाणीची आठवण म्हणून. जेवणाआधी प्रत्येकाच्या हातात ओप्वातेक येतो. पातळ, पांढरी, कागदासारखी पापडी, वर नक्षी उमटवलेली. प्रत्येकाने प्रत्येकापुढे जायचं, त्याच्या पापडीचा तुकडा मोडून घ्यायचा, आपला मोडू द्यायचा आणि पुढच्या वर्षासाठी काहीतरी चांगलं बोलायचं. चौदा माणसांत याला चांगला अर्धा तास लागेल. नणंदबाई आणि धाकटी जाऊ यांनाही एकमेकींसमोर उभं राहावं लागेल. तिथे काय बोलतील ते त्यांचं त्या बघतील, तुम्ही मध्ये पडू नका.

मग जेवण. पदार्थ बारा असावेत अशी पद्धत आहे. कुणी म्हणतं बारा शिष्य, कुणी म्हणतं बारा महिने. जुन्या काळी तर आकडा विषम असायचा, घराच्या ऐपतीप्रमाणे सात, नऊ, अकरा. तेव्हा जावेला पहिल्याच वर्षी बाराचा हट्ट धरू देऊ नका, नाहीतर एका वहीतून सुटून दुसऱ्या वहीत अडकाल. बीटचं आंबूस लाल सूप, बार्श्च. कोबी आणि मश्रूम भरलेले पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्याच म्हणा ना. कार्प मासा, कारण बिनमांसाच्या या जेवणात मासा चालतो. सुक्या फळांचं पातळ कॉम्पोट. एवढं झालं तरी भरलेली संध्याकाळ होते. कार्पचंही गमतीशीर आहे. तो घराघरात पोहोचला दुसऱ्या महायुद्धानंतर, सरकारने तळ्यांतून त्याची पैदास वाढवल्यावर. लोक तो जिवंत आणायचे आणि सणापर्यंत घरच्या बाथटबात सोडून ठेवायचे. पोरं त्याला नाव ठेवायची आणि मग २४ ला घरात रडारड. तुमच्या जावेकडे अशी एखादी गोष्ट नक्की असेल, तिला सांगायला लावा.

तुमच्यासाठी यात दोन मोठे फायदे आहेत. एक, मुलीचा प्रश्न त्या रात्रीपुरता संपला. मासा सोडला तर सगळंच तिचं, फक्त बार्श्च सुक्या मश्रूमच्या पाण्यावर केलंय ना, तेवढं विचारा. दोन, पिएरोगी आठवडाभर आधी करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. त्या रात्रीचा बहुतेक स्वयंपाक शेगडीवरचा आहे, ओव्हन मोकळा राहतो. तुम्ही कामावरून दुपारी याल, अंघोळ कराल आणि पाहुणीसारख्या बसाल. किती वर्षांनी बसाल, याचा हिशेब करा.

एक गोष्ट मात्र नणंदबाईंना आधी सांगून ठेवा. विगिलियाच्या टेबलावर एक जागा रिकामी ठेवतात, ताट-वाटीसकट. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी, आणि बरेच जण गेलेल्या माणसाची आठवण म्हणूनही ती जागा मानतात. हे ठाऊक नसताना ती खुर्ची समोर आली तर नणंदबाईंना भरून येईल आणि नेमकं सगळ्यांसमोर येईल. आधी कळलं तर कदाचित ती खुर्ची कुठे ठेवायची हे त्याच सांगतील.

आता २५ ची दुपार. वही घेऊन नणंदबाईंच्या घरी जा. फोनवर नको, आणि इतर कुणासमोर नको. "काय गाळू या?" असं विचारूच नका, उत्तर "काही नाही" असंच येईल. बोट एकेका ओळीवर ठेवून विचारा, "हे कुणासाठी सुरू झालं होतं?" समासातली अक्षरं त्यांना दाखवा. मला नाही वाटत त्यांनी ती नीट पाहिली असतील. टेबलावर बसणाऱ्याला वही कुठे दिसते? "आजी, दात" वाचल्यावर त्या हसतील किंवा रडतील, पण त्यानंतर कुस्करलेल्या बटाट्यांवर भांडण होणार नाही.

माझं मत विचाराल तर पुढच्या गोष्टी निरोप देण्यासारख्या आहेत: कुस्करलेले बटाटे, हॅम, पास्ता (जावयांना अजून खरंच आवडतो का, विचारा, पुष्कळ जावई सासूचं मन राखायला खात असतात), मिन्स पाय (सुकामेव्याचं गोड सारण भरलेल्या छोट्या पेस्ट्र्या) घरी करण्याची हौस, ट्रायफल (केक, कस्टर्ड आणि फळांचे थर), लाल कोबी. पुडिंग असताना कस्टर्ड पातळ सॉससारखं वर घालायचं, म्हणजे वेगळी ओळ उरत नाही. स्प्राउट्स सातव्या ओळीत एकदा खोडून पुन्हा लिहिलेत. म्हणजे हा वाद तुमच्या सासूबाईंनी स्वतःशीच घालून पाहिलाय. जो खातो त्याने निवडून, कापून द्यायचे, असा नियम करा आणि बघा किती जण पुढे येतात.

राहिलं काय? टर्की, वेगळ्या भांड्यात भाजलेलं सारण, ग्रेव्ही, भाजलेले बटाटे, गाजरं, क्रॅनबेरी, पुडिंग, बिनसाखरेचं सफरचंद. आठ. नववी ओळ तुमच्या मुलीची: तिने स्वतः करायची, पोट भरेल अशी एक मोठी गोष्ट. मश्रूम आणि चेस्टनट घातलेला पाय म्हणा, म्हणजे पिठाच्या पापुद्र्याआड सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. एकटीपुरता नको, सहा जणांचा करायला सांगा, कारण सोनेरी पापुद्र्याचा पाय टेबलावर आला की मांस खाणाऱ्यांचे हातही तिकडे जातात आणि ज्याच्यासाठी केला तो उपाशी राहतो. "तू बाजूच्या भाज्या खा" हे तिला कृपा करून सांगू नका. त्या बाजूच्या भाज्यांतही गोम असते. बटाटे पक्ष्याच्या चरबीत भाजलेले, ग्रेव्ही हाडांच्या रसाची, आणि पारंपरिक पुडिंगमध्ये सूएट, म्हणजे गाई-बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. बटाटे तेलात भाजा, कुणाला फरक कळणार नाही. पुडिंगला सूएटऐवजी थंड लोणी किसून घाला. ग्रेव्हीचं एक लहान पातेलं मश्रूमच्या पाण्यावर वेगळं करा.

पुडिंग नणंदबाईंकडे द्या. हे मी सांत्वन म्हणून सांगत नाही, तो पदार्थच तसा आहे. तो आधी करून मुरत ठेवायचा असतो. इंग्लंडमध्ये त्यासाठी खास रविवार आहे, आगमनकाळ (अ‍ॅडव्हेंट, नाताळची वाट पाहण्याचे आठवडे) सुरू होण्याच्या आधीचा, नाताळच्या साधारण पाच आठवडे आधीचा. त्या दिवशीच्या अँग्लिकन प्रार्थनेची सुरुवात ज्या शब्दांनी होते त्यांचा अर्थ "ढवळ" असाही होतो, म्हणून लोक चर्चमधून थेट घरी जाऊन पुडिंग ढवळायला लागले. घरातल्या प्रत्येकाने एकदा पळी फिरवायची आणि मनात इच्छा धरायची. तुमचं पत्र वेळेत आलंय, हा रविवार अजून हातात आहे. सगळे त्यांच्याकडे जमा. फक्त आत नाणं घालायची जुनी पद्धत यंदा राहू द्या, दोन लहान मुलं आहेत आणि घास अडकायला वेळ लागत नाही.

टर्कीवर मला थोडं जास्त बोलू द्या. माझ्या लग्नानंतरच्या तिसऱ्या नाताळात मी फ्रीझरमधून सहा किलोची टर्की काढली ती २४ च्या दुपारी. २५ ला सकाळी बाहेरून मऊ लागत होती, म्हणून ओव्हनमध्ये सरकवली. बारा वाजता पोटात हात घातला तर आत बर्फाचा गोळा, वरून कातडी खरपूस. आम्ही साडेचारला जेवलो. तोपर्यंत सगळ्यांनी पाव, चीज आणि पुडिंग संपवलं होतं. सासरे इतके भुकेले होते की ते पहिल्यांदाच माझ्याशी गप्पा मारायला स्वयंपाकघरात आले.

तर हिशेब असा. हाड-कातडीसकट माणशी साधारण ४५० ग्रॅम कच्चं वजन धरतात. तुम्ही १४, त्यातून मुलगी वजा, दोन लहानग्यांचा मिळून एक, म्हणजे १२ जण: साडेपाच किलो पुरे. आदल्या रात्रीचं जेवण पोटात असेल, त्याहून मोठी आणू नका. गोठलेली असेल तर फ्रिजमध्ये दर दोन-सव्वादोन किलोला एक पूर्ण दिवस लागतो. म्हणजे २२ च्या सकाळी, तीही लवकर, खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात. स्वयंपाकघराच्या ओट्यावर वितळवू नका. धुऊही नका, कच्च्या पक्ष्याचं पाणी सिंकभर उडतं आणि त्याबरोबर जंतूही. चार किलोच्या वरच्या पक्ष्याला किलोमागे २० मिनिटं आणि वर ९० मिनिटं हा अंदाज चालतो, पोटात सारण नसेल तर. तुमच्या बाबतीत तीन तास वीस मिनिटं. पण अंदाजावर विसंबू नका, मांसात खुपसायचा थर्मामीटर आणा. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश सेल्सिअस दिसले की झालं.

आणि आता ती गोष्ट, जी मला दहा वर्षांनी कळली. टर्की जेवणाच्या एक तास आधी बाहेर काढायची. झाकून ठेवली की ती थंड होत नाही, उलट रस आत धरते आणि काप नीट पडतात. त्या एका तासात ओव्हन तुमचा असतो! १२ ला टर्की बाहेर, तिच्या जागी बटाटे, वरच्या कप्प्यात मुलीचा पाय, खाली सफरचंदं. शेगडीवर गाजरं, ग्रेव्ही आणि पुडिंगची वाफ. पाठीमागे मोजत गेलं तर टर्की आत जाते ८:४० ला. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सणाची प्रार्थना, असेल तर मागे राहणाऱ्या एका माणसाचं नाव आत्ताच ठरवा. बहुधा तुमचा नवरा.

हॉटेलात जाऊ म्हणणाऱ्या माणसाला ओव्हनचा दरवाजा कुठे आहे हे ठाऊक असावं एवढीच अपेक्षा. त्यांना आणि धाकट्या दिरांना २४ च्या दुपारी बटाटे सोलायला बसवा. माणशी पाव किलो, चौदा जणांचे साडेतीन किलो. सोलून थंड पाण्यात बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. जाऊ तेव्हा शेगडीपाशी असेल, ही दोघं टेबलापाशी. बाकी मदत मागताना "कुणी काय आणाल?" असं मोघम विचारू नका, सगळे केक आणतात. नाव घेऊन, पदार्थ सांगून, किती वाजता आणायचं ते सांगून मागा.

सासऱ्यांचं सफरचंद वहीत आहेच, ते तसंच राहू द्या. पुडिंगचा एक छोटा तुकडा त्यांना हवा असेल तर त्यावरून घरभर डोळे वटारू नका. मधुमेहात माझ्या मते जास्त काळजी वेळेची. गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन बसलेल्या माणसाचं एकचं जेवण तीनला झालं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, आणि एक वाजता काहीही तयार नसलं तरी त्यांच्या पानात काहीतरी पडलंच पाहिजे.

जेवणानंतर गप्पा रंगतात आणि टर्की टेबलावरच राहते, तेवढं टाळा. दोन तासांच्या आत मांस हाडावरून सोडवून फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. हे काम जावयांना द्या, पास्ता गेल्याची भरपाई म्हणून.

तरी यंदा हे सगळं जड वाटलं तर? जर्मनीत २४ च्या रात्री सगळ्यात जास्त घरांत काय असतं माहीत आहे? उकडलेले सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड. मोठं भाजलेलं जेवण दुसऱ्या दिवशी. झाड सजवायचं, चर्चला जायचं, भेटी उघडायच्या, त्या दिवशी कुणाला वेळ आहे? तुमच्या नऊतल्या आणखी दोन ओळी ऐन वेळी गळाल्या तर कुणी बाईने मान खाली घालायची गरज नाही.

वहीत मात्र लिहा. समासात, तुमच्या शाईने: पायपुढे मुलीचं नाव, आणि कोऱ्या पानावर २४ तारीख घालून जावेकडून तिच्या पदार्थांची नावं तिच्याच अक्षरात लिहून घ्या. खोडायच्या ओळी खोडू नका, बाजूला नुसतं वर्ष टाका. ट्रायफल, अमुक साली थांबलं. उद्या तुमच्या नातवंडांपैकी कुणाला हौस आली तर त्याला सापडेल.

आणि हो, चौदावी ओळ. बॉलपेनने लिहिलेली, दोनच शब्द, समासात काही नाही. भिंग लावून पाहिलं, पुतण्याला दाखवलं, मला ते अक्षर लागलं नाही. तुम्ही पत्रात सतरा पदार्थ म्हणता, पण हा कोणता ते तुम्हीही कुठे लिहिलेलं नाही. नणंदबाईंकडे जाल तेव्हा बोट तिथेच आधी ठेवा. त्यांना ते वाचता येईल.